अनडिफाइन्ड शाळेचे पालक

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यापायी मला वाकोल्याच्या एका शाळेच्या ऑफिसात, फॉर्म घ्यायच्या खिडकीमागे, स्टुलावर बसून अख्खा शनिवार काढावा लागला.

मी तेव्हा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा आणि त्यात आठ टेबलं. खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनायचे, त्यामुळे आमच्या ऑफिसला दिवसभर डिंकाचा वास. कंपनीचे मालक आणि आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर एकच होते. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. बोरिवलीला राहायचे, कमी बोलायचे, आणि रागावले तर आणखीच कमी बोलायचे. आम्ही शाळांसाठी सॉफ्टवेअर करायचो. हजेरी, दाखले, निकाल, असं सगळं.

मी घाटकोपरहून मेट्रोने यायचे. वडील मूळचे बुलढाण्याकडचे, मुंबईत येऊन एका बँकेत शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. घरी एकच खोली होती, म्हणून मी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसून इंजिनिअर झाले. आई शेजारणींना सांगायची की आमची पोरगी कॉम्प्युटर बनवते. बनवत नाही गं, त्यावर काम करते, असं मी खूपदा सांगून पाहिलं. तिचं म्हणणं होतं की शेजारणींना एवढा फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

तर वाकोल्याच्या त्या शाळेला सहामाहीचा निकाल पालकांच्या मोबाइलवर द्यायचा होता. प्रत्येक पालकाला मेसेज जाणार, मेसेजमध्ये लिंक, लिंक दाबली की मुलाची जन्मतारीख विचारणार, ती बरोबर असली की प्रगतिपुस्तक उघडणार. ही लिंक तयार करायचं काम माझ्याकडे आलं. लिंकचा पहिला भाग म्हणजे शाळेच्या साइटचा पत्ता. प्रत्येक शाळेचा पत्ता वेगळा, त्यामुळे तो प्रोग्रॅमच्या आत लिहून ठेवत नाहीत. तो सेटिंग्जच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि प्रोग्रॅम गरज लागली की तिथून उचलतो. त्याच्यापुढे एक स्लॅश, मग 'निकाल' हा शब्द, मग परत स्लॅश, मग मुलाचा वर्ग, मग नाव. मी हे सगळे तुकडे अधिकच्या चिन्हाने एकापुढे एक चिकटवले. माझ्या मशीनवर लिंक उघडली. मी सरांना सांगितलं, झालं.

शनिवारी सकाळी साडेनऊला मेसेज गेले आणि दहाच्या आत शाळेच्या ऑफिसातून फोन आला. पलीकडे एक बाई होत्या. आवाज अगदी शांत. त्यांनी विचारलं की आमच्या शाळेचं नाव तुम्ही परस्पर बदललंत का. मला काही कळेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "मेसेजात अनडिफाइन्ड असं लिहिलंय. त्याच्यापुढे स्लॅश आणि निकाल. खिडकीवर रांग लागलीय आणि प्रत्येकाला तेच आलंय."

मी फोन कानाला धरूनच स्क्रीनवर मेसेज बघितला आणि चूक सापडली. शाळेच्या सर्व्हरवर सेटिंग्जची फाइल नव्याने बनवली होती आणि तिच्यात साइटच्या पत्त्याची ओळ घालायची राहिली होती. राहिली म्हणजे मीच विसरले होते. प्रोग्रॅमने पत्ता मागितला, तो सापडला नाही. माणूस असता तर तिथे थांबला असता, कोणाला तरी विचारलं असतं. प्रोग्रॅम थांबला नाही. जी गोष्ट कोणी ठरवूनच दिलेली नाही तिला त्या भाषेत अनडिफाइन्ड म्हणतात. त्याने तोच शब्द पत्त्याच्या जागी बसवला, पुढे व्यवस्थित स्लॅश दिला, आणि सगळ्या पालकांना पाठवून मोकळा झाला.

सर उठून माझ्या स्क्रीनपाशी आले. बघितलं. मला वाटलं आता वाट लागली. पण ते एवढंच म्हणाले की फाइल मी बघतो, तू शाळेत जा. मी म्हटलं फोनवर सांगू का त्यांना. ते म्हणाले, माणसं समोर उभी आहेत, तिथे आपलं कोणीतरी समोर पाहिजे.

मी रिक्षा केली. हायवेवरून वाकोल्याला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात माफीची तीन-चार भाषणं तयार केली होती. त्यातलं एकही द्यावं लागलं नाही. शाळेच्या ऑफिसात एक लांबट टेबल, त्याच्यापुढे जाळीची खिडकी, खिडकीबाहेर माणसंच माणसं. टेबलामागे फोनवरच्या त्या बाई बसलेल्या. पन्नाशी उलटलेली, इस्त्रीची सुती साडी, चष्मा दोरीला अडकवलेला. त्या शाळेच्या क्लार्क होत्या, पण शिक्षकांपासून शिपायांपर्यंत सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. त्यांचे वडील कुडाळहून येऊन परळच्या गिरणीत लागले होते आणि गिरणी बंद पडल्यावर घर इकडे वाकोल्यात हललं, हे मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की एवढ्या गर्दीतही त्यांच्या टेबलावरचा एक कागद वाकडा नव्हता.

त्यांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "हयसर बस," त्या मालवणीत म्हणाल्या. "आणि काय झाला ता साध्या भाषेत सांग. माका समाजला तर मी तेंका सांगतंय."

मी सांगितलं. शाळेचा पत्ता एका ठिकाणी भरून ठेवायचा असतो, तो भरायचा राहिला, आणि प्रोग्रॅमने तसंच पुढे पाठवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे रकाना कोरा होता."

"हो."

"आणि तरी फॉर्म घेतला?"

"हो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कॉलेजातल्या तोंडी परीक्षेत नापास झाल्यावर वाटली नव्हती तेवढी लाज मला त्या बघण्याने वाटली.

मग त्यांनी मला कामाला लावलं. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला तूच सांग, म्हणाल्या, तुझ्या तोंडून ऐकलं की लोक लवकर जातील. पहिले एक आजोबा होते. ते तासभर फिरून आलेले. मेसेजमधला तो शब्द त्यांनी वहीत एकेक अक्षर बघून उतरवून घेतला होता, झेरॉक्सच्या दुकानात दाखवला होता, आणि दुकानदाराने मोबाइलवर शोधून अर्थ सांगितला होता की ज्याची व्याख्या केलेली नाही तो. आजोबांना जाणून घ्यायचं होतं की नातू याच शाळेत आहे ना, कारण ते रोज त्याला याच गेटवर सोडतात. बाईंनी मधेच तोंड घालून सांगितलं की आजोबा, शाळा तीच, नातू तोच, फक्त मेसेज चुकला. त्यांचं समाधान झालं, पण ते गेले नाहीत. बाकावर बसून राहिले. पुढे काय होतं ते बघायचं होतं त्यांना.

त्यांच्यामागून बरेच जण आले आणि मी तेच तेच सांगत राहिले. बहुतेकांनी हसून घेतलं. एक जण म्हणाला, कॉम्प्युटर आहे, चालायचंच. मला हळूहळू धीर आला. मग एका मुलीच्या आई पुढे आल्या. विमानतळाजवळच्या एका कॅन्टीनमध्ये त्या पोळ्या करायच्या आणि कामाची पाळी अर्धी टाकून आल्या होत्या. हाताला अजून पीठ होतं. मुलगी सातवीत. त्यांना बरोबरीच्या कोणीतरी सांगितलं होतं की या शब्दाचा अर्थ अजून ठरलेलं नाही असा होतो. म्हणून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं की पोरीचं काय ठरलं नाहीये, तिला मागे ठेवणार आहेत का. तिने तर सगळे पेपर लिहिले होते.

बाईंनी कपाटातून रजिस्टर काढलं, पान उघडलं, बोट फिरवलं आणि सांगितलं की सगळ्या विषयांत पास आहे, गणितात जेमतेम आहे, मराठीत वर्गात दुसरी आहे. त्या आईने ते दोनदा सांगायला लावलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, हे तुम्ही केलंत का. मी हो म्हटलं.

"मग नीट करा हां, मॅडम," त्या म्हणाल्या. "आम्हाला शब्दाचा अर्थ लागला नाही की आम्ही वाईटच धरून चालतो."

त्या रागाने बोलल्या नाहीत. बोलून झाल्यावर त्यांनी पदराने हात पुसले आणि पुन्हा पाळीवर गेल्या. आजवर माझ्या कामाबद्दल मला खूप लोकांनी खूप काही ऐकवलंय, त्यातलं हे एक वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे.

बाराच्या सुमाराला सरांचा फोन आला की फाइल नीट केली, मेसेज परत पाठवले. मी खिडकीबाहेर तोंड काढून सगळ्यांना सांगितलं की आता नवीन मेसेज येईल. लोकांनी मोबाइल काढले. टुंग टुंग आवाज सुरू झाले. आजोबांनी बाकावरूनच लिंक दाबली, मोबाइल लांब धरून बघितला, उठून खिडकीपाशी आले आणि मला दाखवला. स्क्रीनवर मुख्याध्यापिकाबाईंचा मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, आमच्या शाळेत आपले स्वागत आहे.

"फोटो चांगला आलाय," आजोबा म्हणाले. "पण मार्क कुठे आहेत?"

दोन मिनिटांत सगळ्यांनी मोबाइल खिडकीला लावले. प्रत्येकाच्या मोबाइलवर मुख्याध्यापिकाबाई. आतल्या केबिनमधून गलबला ऐकून त्या स्वतः बाहेर आल्या, आणि त्यांना जाळीच्या पलीकडून त्यांचेच पंधरा-वीस फोटो त्यांच्याकडे बघताना दिसले. त्यांनी जवळ जाऊन एक मोबाइल हातात घेतला आणि हा फोटो फार जुना आहे, साइटवरचा बदलायला हवा, असं बाईंना सांगून त्या परत आत गेल्या.

काय झालं होतं ते मला मेसेज नीट बघितल्यावर कळलं. सरांनी शाळेचा पत्ता साइटवरून कॉपी करून सेटिंग्जच्या फाइलमध्ये चिकटवला होता. कॉपी करताना पत्त्याच्या शेवटचा स्लॅश आला आणि त्याच्यानंतर एक रिकामी जागाही आली. डोळ्यांना ती दिसत नाही. माझ्या प्रोग्रॅमने त्याच्यापुढे स्वतःचा स्लॅश आणि बाकीचं सगळं जोडलं. मोबाइलला लिंक रिकाम्या जागेपाशी संपली असं वाटलं, त्याने तेवढीच निळी केली, आणि तेवढीच लिंक म्हणजे शाळेच्या साइटचं पहिलं पान. मी सरांना फोन करून सांगितलं. त्यांनी फाइल उघडून बघितली. मग म्हणाले, "स्पेस माझी. स्लॅशपण माझाच." आणि आज आता एकही मेसेज पाठवायचा नाही, असं ठरलं.

बाईंनी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं की निकाल सोमवारी मिळेल, आज आलेले दोन्ही मेसेज विसरावेत. कागद खिडकीला लावला. गर्दी पांगली. आजोबाही गेले, जाताना सोमवारी किती वाजता ते विचारून. मी निघायला उठले तर बाई म्हणाल्या, जेवून जा. त्यांच्या डब्यात घावने आणि चटणी होती. त्यांनी निम्मे घावने झाकणावर काढून माझ्यापुढे ठेवले आणि बजावलं की चटणी तिखट आहे, उगाच शूरपणा करू नको. मी केला आणि पाणी प्यायले.

जेवणानंतर खरं तर मला थांबायचं काही कारण नव्हतं. पण मरोळला जाऊन सरांच्या समोर बसायची हिंमत होईना, म्हणून मी स्टुलावरच बसून राहिले. दुपारचं रोजचं काम सुरू झालं. कोणी बोनाफाइडसाठी आलं होतं, कोणी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, कोणी स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन. बाई फॉर्म हातात घ्यायच्या, वरून खाली एकदा नजर टाकायच्या, आणि काही राहिलं असेल तर जाळीतून तसाच परत सरकवायच्या. दोऱ्याला बांधलेलं पेन खिडकीबाहेर लोंबत होतंच. पिनकोडच्या सहा चौकोनांत पाचच आकडे आहेत, भरून आणा. घर नंबर नावाच्या रकान्यात का घातलाय, तो त्याच्या जागी लिहा. एका गृहस्थाने पहिल्याच रकान्यात वरीलप्रमाणे असं लिहिलं होतं. बाईंनी त्यांना शांतपणे विचारलं की वर काय आहे. त्यांनी बघितलं. वर शाळेचं बोधचिन्ह होतं.

मी विचारलं की एवढ्या-तेवढ्यासाठी परत का पाठवता, तुम्हाला तर यातलं निम्मं माहीतच असतं, तुम्हीच भरून टाकायचं. त्या म्हणाल्या की सुरुवातीला त्या तसंच करायच्या. अंदाजाने भरायच्या. एकदा अंदाज चुकला आणि एका मुलाच्या दाखल्यावर भलतीच जन्मतारीख गेली, ती दुरुस्त व्हायला वर्ष गेलं.

"माणूस खिडकीवर उभा आहे तोवर विचारलं तर दोन मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "फॉर्म आत गेला की तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर परत येतो, आणि तोवर माणूस गावी गेलेला असतो."

मी घरी जाताना मेट्रोत हाच विचार करत होते. आमचा प्रोग्रॅम सगळं आत घेत होता. कोरा रकाना, शेपटाला चिकटलेली रिकामी जागा, काहीही. त्यातलं चुकीचं काय ते तो कधीच बघत नव्हता, आणि जेव्हा ते बाहेर आलं तेव्हा ते कॅन्टीनमध्ये पोळ्या करणाऱ्या एका आईच्या मोबाइलवर आलं.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन बसले. आईने विचारलं सुट्टीच्या दिवशी काय चाललंय. मी म्हटलं कॉम्प्युटर बनवतेय. तिला ते एकदम पटलं आणि तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

काम फार मोठं नव्हतं. प्रोग्रॅम सुरू होतानाच, दुसरं काहीही करायच्या आधी, त्याने सेटिंग्जची फाइल वरून खाली वाचायची. साइटचा पत्ता आहे का, त्याची सुरुवात बरोबर आहे का, त्यात कुठे रिकामी जागा तर नाही ना. एक जरी गोष्ट चुकली तर सुरूच व्हायचं नाही आणि नेमकं काय चुकलंय ते सांगायचं. अंदाजाने काही भरायचं नाही. फक्त शेवटच्या स्लॅशचं मी वेगळं केलं. तो कोणी देईल, कोणी देणार नाही, त्यात त्या माणसाचा काही दोष नाही. दिला असो वा नसो, मधे एकच स्लॅश येईल असं बघितलं. चूक सांगणारे संदेश लिहायची वेळ आली तेव्हा मी ते इंग्रजीत लिहायला घेतले, दोन ओळी खोडल्या आणि मराठीतच लिहिले. मला ते एकाच आवाजात ऐकू येत होते.

सोमवारी सकाळी सरांनी ते स्वतःच्या मशीनवर चालू करून बघितलं. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. हे चालूच होत नाहीये, म्हणाले. मी जाऊन बघितलं. स्क्रीनवर लिहिलं होतं की साइटचा पत्ता कोरा आहे, भरून आणा.

"भरून आणा?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, वाकोल्याच्या शाळेची भाषा आहे. त्यांनी पत्ता भरला. घाईत सुरुवातीचं https राहिलं. प्रोग्रॅमने परत पाठवलं. त्यांनी ते घातलं, तर पत्त्याच्या मधोमध कुठूनतरी एक स्पेस पडली होती, ती कुठे आहे तेही त्याने सांगितलं. चौथ्या खेपेला सुरू झालं. सर फार हसत नसत, पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि चांगले हसले. मग म्हणाले, दुसऱ्या शाळांनाही हेच बसव.

त्यानंतर मी लगेच मेसेज पाठवायला हवे होते. पण सरांनीच सांगितलं की आधी शाळेत जाऊन एक-दोन त्यांच्यासमोर तपास. मला ते जास्तीचं वाटलं. तरी गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तू तपासताना कोणाचं नाव घातलं होतंस. मी म्हटलं माझंच. वर्ग? सात ब. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे केलं. तिथे ७/ब असं लिहिलं होतं. सात, तिरपी रेघ, ब.

"मी लागल्यापासून तुकडी अशीच लिहितात," त्या म्हणाल्या.

मी ते बघत राहिले. तिरपी रेघ म्हणजे स्लॅश, आणि लिंकमध्ये स्लॅशचा अर्थ इथून पुढचा रस्ता वेगळा. मी बाईंच्या मोबाइलवर सातवी ब च्या एका मुलीची लिंक पाठवली. पान सापडत नाही, असं आलं. म्हणजे शनिवारी मी पत्ता विसरले नसते आणि सरांची स्पेस पडली नसती, तरी एकाही मुलाचा निकाल उघडला नसता. पहिल्या दोन चुकांमागे ही तिसरी रांगेत उभी होती. रविवारी मी लिंकचा सुरुवातीचा भाग नीट केला होता आणि नंतरचे तुकडे तसेच, अधिकच्या चिन्हाने चिकटवलेले ठेवले होते.

मला हसूच आलं. बाईंनाही आलं. मी विचारलं की अजून असं काय काय आहे तुमच्या रजिस्टरात. तो प्रश्न विचारायला नको होता किंवा आधीच विचारायला हवा होता, कारण त्यांनी चष्मा चढवला आणि एकही पान न शोधता सांगायला सुरुवात केली. तिसरीत एक मुलगा आहे, त्याच्या आडनावात वरचा स्वल्पविराम येतो. आठवीत एकीचं आडनाव दोन आडनावांचं आहे, मधे रेघ. पहिलीच्या एका मुलाच्या वडिलांनी फॉर्मवर आई आणि वडील दोघांची नावं मधे इंग्रजी आणिचं चिन्ह घालून लिहिली आणि तशीच ठेवा म्हणून अडून बसले. नववीतल्या एकीच्या नावापुढे टिंब आहे, ते जन्मदाखल्यावरच आहे, काढता येत नाही. एकाचं नाव एवढं लांब की हजेरीच्या वहीत दोन ओळी लागतात.

"यांची नावं लिहिताना मला दर जूनला त्रास होतो," त्या म्हणाल्या. "तुझ्या मशीनला होणारच."

मी तिथेच लॅपटॉप उघडला. पत्त्याचे तुकडे हाताने चिकटवण्याऐवजी तो बांधून देणारं तयार साधन भाषेतच असतं. प्रत्येक तुकडा त्याला वेगळा द्यायचा, मग तो त्यातली अडचणीची चिन्हं बदलून घेतो. स्लॅशच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, रिकाम्या जागेला तसंच काहीतरी, म्हणजे नावातलं चिन्ह हे नावातलंच राहतं, रस्ता बनत नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर मी उत्तरही लिहिलं होतं. पण अधिकचं चिन्ह हाताशी असतं आणि चार ओळींचं काम वाचतं, म्हणून माणूस तेच वापरतो.

तासाभरात झालं. मग मी बाईंनी सांगितलेल्या एकेका मुलाची लिंक त्यांच्या मोबाइलवर पाठवत गेले. त्या दाबायच्या, रजिस्टरातून जन्मतारीख घालायच्या, प्रगतिपुस्तक आलं की पेन्सिलीने त्या नावापुढे बारीक खूण करायच्या. स्वल्पविरामवाला उघडला. रेघवाली उघडली. टिंबवालीला जरा वेळ लागला, पण तो नेटचा दोष होता. दोन ओळींच्या नावाचं प्रगतिपुस्तक उघडलं तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, झकास. एवढ्या वर्षांत त्या मुलाचं नाव पहिल्यांदा कोणीतरी न कापता लिहिलं होतं.

दुपारी एकला मी सरांना फोन केला आणि मेसेज गेले. मी आणि बाई खिडकीकडे बघत बसलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. कोणी आलं नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. अर्ध्या तासाने शनिवारचे आजोबा मात्र आले. निकाल उघडला, हे सांगायला आले होते. आणि नातवाला हिंदीत एवढे कमी मार्क कसे, तेही विचारायचं होतं. बाईंनी त्यांना वर्गशिक्षकांकडे पाठवलं. कॅन्टीनमध्ये पोळ्या करणाऱ्या त्या आई मला परत भेटल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाळीला जाताना त्या गेटपाशी थांबल्या होत्या आणि तिथूनच त्यांनी हात वर करून मोबाइल दाखवला, असं बाईंनी मला फोनवर कळवलं.

बाईंचा आणि माझा फोन त्यानंतर सुरूच राहिला. कधी कामासाठी, पुष्कळदा कामाशिवाय. मी दोन वर्षांनी मरोळची नोकरी सोडून अंधेरीत मोठ्या कंपनीत गेले, तरी फोन तुटला नाही. सांताक्रूझला त्यांच्या भावाच्या घरी गणपतीला मी जाते, आणि आईने पाठवलेल्या बुलढाण्याकडच्या ज्वारीच्या पापड्या त्यांना आवडतात.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यांचा फोन आला. मी घरी मेथी निवडत होते. शाळेने साइट बदलली, पत्ता नवीन झाला, असं त्या म्हणाल्या. मी लगेच विचारलं की मग सरांना सांगितलंत का, कोणी येऊन बदलून दिलं का. त्या म्हणाल्या, कोणाला कशाला सांगायचं. सरांनी सेटिंग्ज कुठे भरायच्या ते केव्हाच दाखवून ठेवलं होतं. त्यांनी नवीन पत्ता भरला, प्रोग्रॅमने एकदा परत पाठवला, त्यांनी नीट वाचलं, दुरुस्त केला, सुरू झालं. मग स्वतःच्या मोबाइलवर दोन लिंका पाठवून बघितल्या आणि सगळ्यांना पाठवल्या. त्याला आता तीन आठवडे झाले होते.

मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं आणि त्याचाच मला खूप आनंद झाला. मी तो बोलून दाखवायच्या आत त्या दुसऱ्या विषयावर गेल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या रिटायर होणार होत्या आणि कुडाळच्या घराचं छप्पर आधी करावं की न्हाणीघर, यावर भावाशी वाद चालला होता. भाऊ छप्पर म्हणत होता. त्यांना न्हाणीघर हवं होतं. मला विचारलं. मी न्हाणीघराच्या बाजूने मत दिलं. मग त्यांनी भावाला हाक मारून माझं मत ऐकवलं, भावाने फोन घेऊन छपराची बाजू मला समजावली, ती मला बरीचशी पटली, हे मी बाईंना सांगितलं नाही. तासभर आम्ही बोलत होतो. आई येऊन अर्धी राहिलेली मेथी माझ्यापुढून उचलून घेऊन गेली.